घरात तीन भाषा आणि मूल गप्प: मराठी थांबवायची का?

प्रश्न विचारणाऱ्या ताई मूळच्या बडोद्याच्या, गेली चार वर्षं स्टुटगार्टला आहेत. मुलगा दोन वर्षं दहा महिन्यांचा. त्या मराठी, नवरा गुजराती, आणि दोघांचं आपापसातलं बोलणं बहुतेक इंग्रजीत. मुलगा गेले पाच महिने किटात, म्हणजे तिकडच्या पाळणाघर-कम-बालवाडीत जातो आणि तिथे तोंड उघडत नाही. घरी चाळीसेक शब्द आहेत, सगळ्या भाषांची भेळ. किटातल्या बाईंनी सुचवलंय की घरीसुद्धा जर्मनच बोला. सासूबाई म्हणतात मुलगे उशिराच बोलतात. आई म्हणते मोबाइल बंद कर. ताईंचा प्रश्न एका ओळीचा आहे, "मराठी थांबवू का?" आणि खाली, जाता जाता लिहावं तसं, "आमचं काही चुकलं का?"

मी बडोद्यात २६ वर्षं लहान मुलांच्या वाचा-उपचाराचं काम करते. दवाखाना रावपुऱ्यात आहे. डिसेंबर लागला की तिथे सुट्टीला आलेल्या परदेशी नातवंडांची रांग लागते, आणि अलीकडे बाकीचं वर्षही त्यांच्याशी व्हिडिओवर भेट होते. तेव्हा हा प्रश्न मला नवा नाही. मूल मात्र प्रत्येक वेळी नवं असतं, आणि तुमचं मूल मी पाहिलेलं नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

मराठी थांबवू नका. हे आधीच सांगून टाकते. दोन-तीन भाषा कानावर पडल्यामुळे मूल उशिरा बोलत नाही. ज्याला उशीर व्हायचा असतो त्याला एका भाषेतही होतो आणि तीन भाषांतही. पण एवढं वाचून तुम्ही हुश्श करून फोन बाजूला ठेवलात तर ते मला नको आहे. तुमच्या एका ओळीत दोन प्रश्न गुंतलेत. मुलाला बोलायला उशीर झालाय का, हा एक. घरात कुठली भाषा ठेवायची, हा दुसरा. तुम्ही दुसऱ्याचं उत्तर शोधताय आणि त्याने पहिला सुटेल अशी आशा धरताय. तसा तो सुटत नाही.

पहिला प्रश्न घेऊ. चाळीस हा आकडा तुम्ही बहुधा आठवून लिहिलाय. आठवून सांगितलेले आकडे माझ्याकडे नेहमी चुकतात, आणि कमीच्या बाजूला चुकतात. फ्रिजवर एक कागद लावा आणि आठवडाभर त्याच्या तोंडून येईल ते लिहा. भाषा कुठलीही असू दे, उच्चार कसाही असू दे, एकाच गोष्टीसाठी दर वेळी तोच आवाज येत असेल तर तो शब्द. कुत्र्याला "भू-भू" हा शब्द. पापडाला "पापा" हा शब्द. "पाणी" आणि "वासर" हे दोन शब्द.

हे "वासर" वरून आठवलं. एक आजी जर्मनीहून आलेल्या नातवाला घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "हा सारखा फ्रिजपाशी जाऊन वासरू-वासरू करतो हो. गाय-वासरू बघितलंय कुठं त्यानं?" पोराला पाणी हवं होतं. जर्मनमध्ये पाण्याला वासर म्हणतात. रस्त्यावरची मोटार दाखवून तो "आउटो" म्हणायचा, तेही जर्मनच, आणि आजोबा हौसेने त्याला रिक्षात बसवून सुरसागरला चक्कर मारून आणायचे. दोन आठवडे त्याची चैन झाली. पण मुद्दा असा की घरच्यांच्या हिशेबात हे दोन्ही शब्द नव्हते. आईच्या यादीत पस्तीस होते, आम्ही तिघांनी मिळून लिहायला बसलो तेव्हा ऐंशीच्या वर गेले. तुमच्या घरात मराठी कानाला जर्मन शब्द आणि किटातल्या कानाला मराठी शब्द निसटत असणार. म्हणून दोन याद्या करा. एक घरची, एक किटातली. किटातल्या बाईंना सांगा, त्याने काहीही म्हटलं तरी ऐकू येईल तसं लिहून ठेवा, अर्थ आम्ही लावू.

आता मोजपट्टी. २४ महिन्यांपर्यंत सगळ्या भाषा धरून ५० शब्द आणि दोन शब्दांची जोडी, एवढी आमची किमान अपेक्षा असते. जोडी म्हणजे "पप्पा गेले", "अजून दूध", "नको टोपी". अर्धी मराठी अर्धी जर्मन असली तरी चालते. "बॉल वेक", म्हणजे बॉल गेला, ही पक्की जोडी. तुमचा मुलगा ३४ महिन्यांचा आहे. या वयाला तीन-तीन शब्दांची मोडकीतोडकी वाक्यं ऐकू यायला हवीत. नीट मोजूनही आकडा चाळिसाच्या आसपासच राहिला आणि जोड्या नसल्या, तर उशीर आहे. मुलगे उशिरा बोलतात हे सासूबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मुलगे मुलींपेक्षा थोडे मागे असतात खरे, पण ते थोडे. सहा महिने, वर्ष असं थांबायला त्यात परवानगी नाही.

उशीर असेल तर पहिली गोष्ट कान. "त्याला ऐकू येतं हो, चॉकलेटचा कागद वाजला तर दुसऱ्या खोलीतून धावत येतो", हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता आईने तोंड उघडायच्या आत मला ते ऐकू येतं. कागद ऐकू येणं वेगळं आणि बोलण्यातले सगळे बारीकसारीक आवाज ऐकू येणं वेगळं. किटात जायला लागलेलं मूल पहिला हिवाळा सर्दीतच काढतं. सर्दी वारंवार झाली की कानाच्या पडद्यामागे पाणी साचू शकतं, आणि मग मूल पाण्याखाली बसल्यासारखं ऐकतं. दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही. जन्माच्या वेळची श्रवण-चाचणी पास झाली होती, याचा इथे उपयोग नाही, कारण पाणी नंतर साचतं. पडद्यामागे पाणी आहे का ते बघायला फार तर पाच मिनिटं लागतात. ते न बघता भाषेवर चर्चा करणं म्हणजे गॅस चालू आहे का ते न बघता दूध का तापत नाही यावर वाद घालणं.

वेळ योगायोगाने बरोबर आहे. जर्मनीत मुलांच्या ठरावीक तपासण्या असतात, त्या पिवळ्या पुस्तकात नोंदतात, तुमच्याकडे ते असेलच. ३४ ते ३६ महिन्यांत ऊ-सात-आ ही तपासणी होते. तिची वेळ अजून घेतली नसेल तर या आठवड्यात घ्या. डॉक्टरांना शब्दांच्या याद्या दाखवा, शेजारी जर्मन अर्थ लिहून. श्रवण-चाचणी स्पष्ट शब्दांत मागा. आणि मराठीत त्याला काय समजतं हे उदाहरण देऊन सांगा. हे महत्त्वाचं आहे, कारण तिथे त्याला चित्रं दाखवून जर्मनमध्ये विचारतील आणि तो गप्प बसेल. पाच महिन्यांच्या जर्मनवरून कुणी त्याची समज ठरवू नये. गरज वाटली तर डॉक्टर लोगोपेडीची, म्हणजे वाचा-उपचाराची चिठ्ठी देतात आणि सरकारी आरोग्यविम्यात मुलांना तो खर्च पडत नाही. नंबर लागायला मात्र वेळ जातो, म्हणून नाव आधी नोंदवा.

घरी एक साधी परीक्षा करून बघा. हाताने खूण न करता, डोळ्यांनीही न दाखवता सांगा, "आतल्या खोलीतून पप्पांची चप्पल आण." आणली तर समज चांगली आहे, आणि मला निम्मी काळजी कमी. नाव हाक मारल्यावर वळत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, तुम्ही खेळात सामील झालात तरी तुमच्याकडे बघत नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द गेले असतील, तर वर लिहिलेलं यादीबिदी सगळं बाजूला ठेवा आणि तपासणीच्या तारखेचीही वाट बघू नका. उद्या सकाळी फोन करा.

किटातल्या गप्प बसण्याबद्दल थोडं, कारण त्याचीच भीती तुम्हाला जास्त वाटलेली दिसते आणि मला कमी वाटते. अनोळखी भाषेत टाकलेलं मूल काही आठवडे, कधी काही महिनेही, नुसतं ऐकतं. आपण मोठी माणसं नव्या ऑफिसात तेच करतो. त्या काळात ते करतं काय ते बघायचं. इतर मुलं हात धुवायला गेली की हाही जातो का? गाण्याच्या वेळी ओठ नाही पण हात हलतात का? कुणाच्या शेजारी बसून रेल्वे खेळतो का? उत्तर हो असेल तर तो गप्प आहे पण हजर आहे. कोपऱ्यात पाठ करून बसत असेल, कुणाकडेच जात नसेल, तर ती वेगळी गोष्ट, आणि तीही डॉक्टरांना सांगायची.

आता दुसरा प्रश्न. किटातल्या बाईंचा सल्ला चांगल्या मनाचा आहे, पण चुकीचा आहे. हे मी एवढ्या ठामपणे सांगते त्याला कारण आहे. काम सुरू करून दोन-तीन वर्षंच झाली होती तेव्हा हाच सल्ला मी दिला होता. इथलंच कुटुंब होतं, दांडिया बाजारातलं. मुलगी साडेतीन वर्षांची, बोलायला उशीर झालेला, शाळा इंग्रजी माध्यमाची ठरलेली. आम्हाला तेव्हा शिकवलेलंच तसं होतं की गोंधळ नको, एक भाषा धरा. मी म्हटलं, घरी फक्त इंग्रजी बोला. आईबाप आज्ञाधारक, त्यांनी पाळलं. पण दिवसभर त्या मुलीबरोबर असायची आजी, आणि आजीला इंग्रजी येत नव्हतं. म्हणून आजी गप्प झाली. ज्या मुलीच्या कानावर सकाळपासून रात्रीपर्यंत बोलणं पडत होतं, तिला आता संध्याकाळी तासभर, दमलेल्या आईचं अडखळतं इंग्रजी मिळायला लागलं. सहा महिन्यांनी ती रंग सांगायची, एक ते दहा म्हणायची आणि आजीच्या मांडीवर मुकी बसायची. आई मला काही बोलली नाही. आजींनी फक्त विचारलं, "आता बोलू का मी तिच्याशी?" तो सल्ला मी त्यानंतर कुणाला दिलेला नाही.

तुमच्या घरात तेच होईल. जर्मन त्याला किटात सात तास मिळतं, अस्सल मिळतं. तुमच्या शिकाऊ जर्मनने त्यात भर काय पडणार? उलट तुम्ही विचार करकरून बोलाल, म्हणजे कमी बोलाल. लाडात येऊन "माझं सोनुलं गं ते" किंवा चिडून "अरे सांडलास ना शेवटी!" हे तुमच्या तोंडून जर्मनमध्ये येणार नाही. मुलाला हेच हवं असतं, रागालोभासकट आपसूक येणारं बोलणं.

बेल्जियमच्या डच भाषिक भागात आनिक दे होउवर या संशोधिकेने १,८९९ कुटुंबांची माहिती गोळा केली होती, २००७ साली ती प्रसिद्ध झाली. सगळी घरं अशी की आई किंवा बाप, निदान एकाची भाषा बाहेरची. त्यातलं प्रत्येक मूल डच बोलत होतं. प्रत्येक. गळाली ती घरची भाषा. जिथे दोघंही पालक घरची भाषा बोलत होते आणि डच फार तर एकच जण बोलत होता, तिथे ती बहुतेक टिकली. आई एक भाषा, बाप दुसरी, असं वाटून घेण्याचा जो नियम सगळीकडे सांगतात, तो पाळल्याने ती टिकेलच असं निघालं नाही आणि न पाळल्याने बुडेल असंही नाही. तेव्हा जर्मनची काळजी सोडा. ते येईल. दारातून आत येईल आणि सोफ्यावर बसेल.

आपण बडोदेकरांनी खरं तर हे पिढ्यान्‌पिढ्या केलंय. गायकवाडांच्या घोड्यांबरोबर आलेली मराठी जवळजवळ तीनशे वर्षं गुजरातीच्या मांडीला मांडी लावून बसली आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. माझी पणजी त्या पहिल्या पोरींपैकी, शाळेत गुजराती शिकली आणि आयुष्यभर मराठीत भांडली. मी स्वतः खंडेराव मार्केटात भाजी गुजरातीत घेतली, घरी येऊन तिचा हिशेब मराठीत दिला. पुण्याच्या नातेवाइकांना आमचं "येतोस ने?" ऐकून अजून हसू येतं. येऊ दे.

पण मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. इथे मराठीला माणसं होती. वाड्यात दहा तोंडं मराठी बोलणारी, शिवाय गणपतीचं मंडळ, विठ्ठल मंदिरातलं कीर्तन, वरच्या मजल्यावरची काकू. तुमच्या घरी मराठीला एकच तोंड आहे, आणि ते संध्याकाळी दमलेलं असतं. माझ्या स्वतःच्या भावाची मुलं, इथेच बडोद्यात राहून, मला गुजरातीत उत्तरं देतात. म्हणजे भाषा जपायला हवी असं नुसतं वाटून काही होत नाही. ती बोलणारी माणसं आणि तास, दोन्ही लागतात.

म्हणून तुमच्या दिवसाचा हिशेब करू. तुम्ही लिहिलंय की तो आठ ते साडेतीन किटात, साडेसातला झोप. म्हणजे जागेपणी घरी सकाळी तास-सव्वा तास आणि संध्याकाळी चार. त्यातून जाण्या-येण्याचा, खरेदीचा आणि स्वयंपाकाच्या वेळच्या कार्टूनचा वेळ वजा करा. जे दोनेक तास उरतात त्यात आपण काय बोलतो? "चल, जॅकेट घाल. लवकर. हात दे. बूट कुठंयत? अरे चल ना!" हे सगळं मराठी आहे, पण या हुकमांना मुलाने उत्तर द्यावं अशी त्यात जागाच नाही.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात उपयोगी वाटलेली ओळ ही, की त्याचे शब्द "बहुतेक वस्तूंची नावं" आहेत. बॉल, ॲपल, कार, मांजर. पुस्तकातली चित्रं दाखवून आणि व्हिडिओवरून शब्द शिकले की असंच होतं. नावं येतात, क्रिया येत नाहीत. आणि नुसत्या नावांची जोडी होत नाही. "बॉल मांजर" याला काही अर्थ नाही. "बॉल दे", "बॉल पडला", "मांजर गेली", इथे वाक्य जन्मतं. तेव्हा पुढचे दोन महिने नवीन नावं शिकवूच नका. दे, घे, उघड, काढ, टाक, पुस, सांडलं, पडलं, संपलं, फुगली, गेला, आला. मराठीचं हे सुख आहे की क्रियापद एका घासाएवढं असतं.

जागा कुठली? तीच, जॅकेटची. तिकडे मुलांना बाहेर सोडताना थर चढवायचे असतात. स्वेटर, वरून चिखलात खेळायची ती रबरी विजार, गमबूट, टोपी, हातमोजे. चढवायला सात-आठ मिनिटं, उतरवायला तेवढीच, रोज. एरवी आपण ती मिनिटं दात ओठ खाऊन काढतो. दहा मिनिटं आधी उठा, आणि गुडघ्यावर बसा, म्हणजे तुमचं तोंड त्याच्या तोंडासमोर येईल. विजार धरा. "पाय घाल." थांबा. "गेला! पाय कुठं गेला?" थांबा. पाय खालून बाहेर येतो. "आला!" दुसरा पाय. "घाल. गेला..." आणि इथे बोलू नका. त्याच्याकडे बघत मनात दहापर्यंत मोजा. हे दहा अंक फार लांब असतात. चौथ्या अंकाला आईचा जीव वर येतो आणि ती स्वतःच "आला!" म्हणून टाकते. व्हिडिओवर मी सगळ्यात जास्त वेळा हीच गोष्ट थांबवते. पहिले काही दिवस तो काहीच म्हणणार नाही. मग एक दिवस "आआ" येईल. तो शब्द आहे, फ्रिजवर लिहा.

संध्याकाळी तेच कणकेशी. त्याला छोटा गोळा द्या, ओट्याशी स्टूल ओढा. दाब, लाट, उलट, फुगली, फुस्स. पोळी काळी झाली तरी चालेल, किंबहुना "जळली" हा फार चांगला शब्द आहे. तो काही म्हणाला की त्याचंच परत द्यायचं, एक घास जास्त घालून. तो "बूट" म्हणाला, तुम्ही "ओला बूट". तो "वेक" म्हणाला, तुम्ही "हो, गेला! बॉल खाली गेला". "मराठीत बोल" म्हणायचं नाही. "हे काय आहे? आणि हे?" अशी परीक्षा घ्यायची नाही. तो कुठल्याही भाषेत बोलला तरी आपण खूश, आणि आपलं उत्तर मराठीत.

स्क्रीनबद्दल आई म्हणते ते बरोबर आहे, पण तुमची अडचण मला समजते. घरात मूल धरायला दुसरा हात नाही, गॅसवर फोडणी आहे, मूल पायात. कार्टून लावाल नाही तर काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची मर्यादा सांगितली आहे, तेवढी धरून चला. मराठी कार्टून लावल्याने मराठी येत नाही, कारण ते त्याच्या उत्तरासाठी थांबत नाही. कार्टूनपेक्षा स्वयंपाक कमी करा. आठवड्यात तीन दिवस खिचडी-कढी केली तर कुणाचं काही बिघडत नाही. हे मी वाचा-उपचार करणारी म्हणून नाही, दोन मुलांची आई म्हणून सांगते.

आजीचा व्हिडिओ कॉल स्क्रीनमध्ये धरू नका. समोरचं माणूस ऐकतं, थांबतं, उत्तर देतं, हा मोठा फरक आहे. पण आपले कॉल कसे होतात ते आठवा. फोन मुलाच्या नाकासमोर, पलीकडे आजीचं कपाळ आणि छताचा पंखा. "ओळखलंस का मला? कोण मी? गाणं म्हण बरं. म्हण ना!" मूल पळतं, आजी हिरमुसते. त्याऐवजी फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवा आणि दोघांना एकच काम द्या. हिवाळ्यात तुमचे सकाळचे सात म्हणजे बडोद्याचे साडेअकरा, उन्हाळ्यात साडेदहा. आजी तेव्हा भाजी निवडतच असणार. तिकडे आजी मटार सोलतेय, इकडे तो सोलतोय. "उघडली. किती? पडला! खाल्लास?" एवढं दहा मिनिटं पुरे, पण रोज त्याच वेळी. संध्याकाळी कॉल केलात तर इथे मालिकेची वेळ होते, मग आजीचं लक्ष अर्धं. माझ्याकडच्या एका आजीने वेगळीच युक्ती केली. विश्वामित्री नदीच्या पुलावर जाऊन ती नातवाला फोनवर मगरी दाखवायची. रोज मगर दिसायची असं नाही. "मगर नाही. मगर गेली." एका दिवशी पलीकडून ओरडा आला, "मगर आली!" तिला पुलावर दिसायच्या आधी त्याला फोनवर दिसली होती. त्याची ती पहिली जोडी.

नवऱ्याच्या गुजरातीचं काय? त्यांनी गुजरातीच बोलावं. तुम्ही बडोद्याच्या, गुजराती तुम्हाला कळते. तेही इथलेच असतील तर मराठी त्यांना निदान कळत असेल. म्हणजे तुमच्या घरात दुभाष्याची गरजच नाही, मग जेवताना इंग्रजी कशाला? तुम्ही दोघं जे आपापसात बोलता ते मूल सगळ्यात जास्त कान देऊन ऐकतं, आणि ते त्याच्या कुठल्याच माणसाच्या भाषेत नाही. तुम्ही मराठीत बोला, त्यांनी गुजरातीत उत्तर द्यावं. पहिला आठवडा नाटक केल्यासारखं वाटेल. ते उशिरा घरी येत असतील तर गुजराती कमी येईल, येऊ दे. आंघोळ आणि शनिवारची सकाळ त्यांच्याकडे द्या. लिहिणं-वाचणं, बाराखडी, हे इतक्यात काढूच नका.

डिसेंबरात येणार असाल तर एक विनंती. तीन आठवड्यांत चोवीस नातेवाईक करू नका, आणि माझ्याकडे रोज तास लावायलाही येऊ नका. रजा जमली तर उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, धरून या. माझ्याकडे येणारा एक मुलगा दोन आठवडे खोलीत बसून माझ्या खेळण्यांकडे बघत राहिला, शब्द नाही. १४ जानेवारीला गच्चीवर चुलतभावांनी त्याच्या हातात फिरकी दिली. संध्याकाळी त्याच्या आईने पाठवलेल्या व्हिडिओत तो घसा बसेपर्यंत "लपेट! लपेट!" ओरडत होता. आता लपेट ही मराठी की गुजराती, यावर त्याच्या घरी थोडा वाद झाला म्हणे. परत गेल्यावर किटात आठवडा-दोन आठवडे पुन्हा गप्प झाला तर घाबरू नका, बाईंना आधी सांगून ठेवा.

राहिलं ते तुम्ही जाता जाता विचारलेलं. चुकलं का? उशीर असलाच तर तो तुमच्या बोलण्याने किंवा न बोलण्याने आलेला नाही, एवढं स्वच्छ सांगते. पण तुम्हालाच एक विचारते. दिवसभरात तुम्ही स्वतः कुणाशी मराठीत बोलता? परदेशातून येणाऱ्या आया मुलाच्या गप्प बसण्याबद्दल सांगतात, आणि अर्ध्या तासाने मला कळतं की ही बाईच चार वर्षांत गप्प झालीय. मुलाशी बोलायला आधी आपल्या आत बोलणं साचलेलं असावं लागतं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला जाऊन मोदक खाऊन आलात तर छानच. पण मला त्याहून बरी वाटेल ती एखादी मराठी मैत्रीण, जिला साधारण याच वयाचं मूल आहे आणि जी दर रविवारी तुमच्या घरी येऊन तुमच्याशी दोन तास वायफळ बोलेल. मुलं खाली लुटुपुटु खेळतील, वर तुम्ही.

तेव्हा आधी डॉक्टरांची वेळ, कानासकट. मग फ्रिजवरचा कागद. आणि उद्या सकाळी विजार धरून गुडघ्यावर बसणं. तपासणीत कानाबद्दल काय निघालं आणि यादीत किती क्रियापदं भरली, एवढं मला कळवा. नावं लिहून पाठवू नका.